फोनमधली झाडं सतरंजीवर

खेळ बंद होणार असल्याची सूचना आली तेव्हा मी ग्रंथालयात होते. मजकूर नम्र होता. इतके दिवस खेळलात त्याबद्दल आभार मानले होते, महिनाअखेरीनंतर खेळ उघडणार नाही असं सांगितलं होतं, आणि खाली एक चित्रातलं झाड फांदी हलवून निरोप देत होतं. मी फोन पालथा ठेवला आणि परत आलेल्या पुस्तकांवर शिक्के मारत राहिले. पहिला विचार मनात आला तो एवढाच, की आता मामा जातील.

मामा म्हणजे माझे सासरे. साखर कारखान्याच्या शेती खात्यातून निवृत्त झाले, मग सासूबाई गेल्या, आणि बिद्रीच्या अलीकडचं आमचं गाव सोडून ते शहरात, राजारामपुरीतल्या आमच्या फ्लॅटवर राहायला आले. त्या वेळी घरात आम्ही तिघं होतो. मागच्या हिवाळ्यात माझे पती वारले. सकाळी डबा घेऊन कामावर गेले आणि दुपारी दवाखान्यातून फोन आला. याहून जास्त मला अजून लिहिता येत नाही.

उत्तरकार्याच्या दिवशी भावकी जमली होती. जेवणं उरकल्यावर मामांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "वर्षश्राद्धापतोर हाय मी हितं. मग गावाकडं येतो." कुणी त्यांना अडवलं नाही, कुणी विचारलं नाही. आम्हाला मूलबाळ नव्हतं. मुलगाच राहिला नाही तर म्हाताऱ्यानं सुनेच्या घरात कशासाठी राहायचं, हे सगळ्यांना आपोआप कळत होतं. मलाही कळत होतं. पण मला ते जायला नको होते, आणि ते सांगण्याची रीत मला सापडत नव्हती. त्यांच्याशी मी बोलायचे ती वाक्यं ठरलेली असत: जेवायला वाढलंय, गोळी घेतलीत का, मी कामावर निघते, कडी लावून घ्या. सून होऊन इतकी वर्षं झाली तरी मी त्यांच्यासमोर दिवाणखान्यात कधी बसले नव्हते. स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभी राहायचे. कुणी तसं सांगितलं नव्हतं. आमच्यात तसंच असतं.

आम्ही तिघं मिळून जे एकच काम करत होतो ते म्हणजे तो खेळ. ह्यांनी तिघांच्या फोनवर तो घालून दिला होता. खेळ पत्त्यांचा, पण चित्रं झाडांची. हातातलं बी पालथं लावायचं. ते कशाचं आहे हे दुसऱ्याला दिसत नाही. पाहिजे तेव्हा उलटायचं, मग ते झाड दर फेरीला थोडं थोडं वाढतं. शेळीचं पान आलं की दुसऱ्याचं एखादं झाड किंवा पालथं बी खायला घालायचं. कुंपणाचं पान आधी घातलेलं असेल तर झाड वाचतं. गठ्ठा संपला की ज्याची झाडं मिळून सगळ्यांत उंच, तो जिंकला. संध्याकाळी दिवाबत्ती झाली की मामा दिवाणावर, मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर आणि हे गॅलरीत, असे तिघं तीन ठिकाणी बसून खेळायचो. फोनची मोठी सोय ही होती की सासरा-सून समोरासमोर न बसता एकमेकांची झाडं खाऊ शकत होते.

ह्या खेळात एक नियम होता. कुणी वेळेत पान टाकलं नाही तर बाकीचे अडून राहू नयेत म्हणून खेळ स्वतःच त्याच्या वतीनं पान टाकायचा. हे गेल्यानंतर काही आठवड्यांनी एका संध्याकाळी माझं बोट चुकून, किंवा चुकून नसेलही, फोनवरच्या त्या खेळाच्या चित्रावर पडलं. आमचं तिघांचं टेबल तसंच मांडलेलं होतं. गोल चौकटीत ह्यांचा काळा गॉगल लावलेला फोटो. मी एक बी लावलं. थोड्या वेळानं फोटोनं एक बी लावलं. मग भिंतीपलीकडून मामांच्या फोनचा टक् असा आवाज आला आणि तिसरं बी लागलं.

त्यानंतर आम्ही रोज खेळलो. त्याबद्दल एक अक्षरही बोललो नाही. मला वाटायचं, म्हाताऱ्याला तेवढाच विरंगुळा आहे, आपण उठलो तर त्यांचा खेळ मोडेल. सूचना आली त्या दिवशी म्हणूनच मला भीती वाटली. संध्याकाळची ती टकटक थांबली की या घरात आम्हा दोघांना जोडणारं काय उरणार होतं? मग ते वर्षाचीही वाट बघणार नाहीत.

माझ्या टेबलाच्या खणात जुन्या सूचीपत्रांचा एक गठ्ठा होता. ग्रंथालयातली सगळी पुस्तकं संगणकावर चढवली तेव्हा लाकडी कपाटांतली ती कार्डं रद्दीत निघाली होती. एका बाजूला पुस्तकाची माहिती टाइप केलेली, दुसरी बाजू कोरी. पाठकोरं काहीही टाकून देणं मला जमत नाही. त्या दिवशी मी गठ्ठा पिशवीत घालून घरी आणला आणि आमचा खेळ कागदावर उतरवायला बसले.

बसल्यावर समजलं की मला खेळ माहीतच नाही. इतके दिवस खेळत होते, पण गठ्ठ्यात शेळ्या किती असतात हे मला ठाऊक नव्हतं. कुंपण एका शेळीपुरतं टिकतं की दोन? फोन सगळं स्वतःच्या पोटात ठेवत होता. आम्ही फक्त बोट लावत होतो. शेवटी मी चौकटीशी जाऊन उभी राहिले.

"मामा, शेळ्या किती असतील हो?"

मामांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. "कुणाच्या?"

"खेळातल्या. फोनमधल्या."

"बक्कळ हायत," ते म्हणाले. "कशाला पायजेत?"

"खेळ बंद होणार आहे म्हणे. पत्त्यांचा करून बघते."

"आलतं मलाबी ते झाड," ते म्हणाले. "हात हालवत हुतं. मी म्हटलं, आता ह्यो पण चालला."

असं ते काम सुरू झालं. मी चित्रं काढायची, त्यांनी दिवाणावरून नावं ठेवायची. मूळ खेळातली झाडं परदेशातली होती. फोनवर त्यांना कुणी काही म्हटलं नव्हतं, पण कागदावर आल्यावर मामांनी एकेकाची हजेरी घेतली.

"ह्ये काय?"

"मेपल."

"खायाचं असतंय का जाळायचं?"

"मला नाही माहीत."

"मग काढ त्येला. बाभूळ घाल."

मेपलची बाभूळ झाली, ओकची चिंच झाली, सूचिपर्णी नावाचं जे काही होतं त्याची पपई झाली. वाढ मोजायला चिंचोके घ्यायचे ठरले. फोनमध्ये झाडं आपोआप वाढत. इथं दर फेरीला प्रत्येक झाडावर हातानं एक चिंचोका ठेवावा लागणार होता. मामांना ते पटलं. पण सगळ्या झाडांना सारखाच चिंचोका हे त्यांना मुळीच पटेना. जन्मभर लोकांच्या शेतांवर हिंडून नोंदी घेतलेला माणूस तो.

"आंबा आन् पपई एकाच चालीनं वाढत्यात? कोण म्हणालं?"

"खेळात तसं होतं."

"खेळ केलेल्यानं कधी रोप लावलं न्हाय."

मग त्यांनी प्रत्येक झाडाची खरी चाल ठरवली. पपई भराभर वाढायची आणि थोड्याच फेऱ्यांत मरायची. आंब्याला सुरुवातीला काहीच नाही. चिंचेला तर फार काळ काही नाही. मी मान डोलावली, कारण ते इतकं सलग बोलत होते की मध्ये तोंड घालावंसं वाटेना. पहिला डाव त्या हिशेबानं आम्ही दिवाणावर नुसताच मांडून बघितला, तर गठ्ठा संपला तरी पपई सोडून कशालाच चिंचोका लागला नाही.

"मामा, माझी चिंच वाढलीच नाही."

"वाढंल कशी? चिंच आज्यानं लावायची, नातवानं खायाची."

बोलून ते थांबले. मीही हातातलं पान निष्कारण सरळ करत राहिले. बाहेर रस्त्यावर कुठल्या तरी क्लासची पोरं सुटली होती, त्यांचा गलका वर येत होता. मग मामा म्हणाले, "जाऊ दे. सगळ्यास्नी एक एक चिंचोका देऊया. झाडास्नी काय कळतंय."

महिनाअखेर आली. शेवटच्या दिवशी मी फोनवरचा खेळ एकदा उघडला. फोटोनं आपलं पान टाकून ठेवलं होतं, पाळी माझी होती. मी पान टाकलं नाही. फोन बंद केला आणि दिवाणखान्यात सतरंजी अंथरली.

अंथरली खरी, पण बसायचं कसं? फोनला पाठ करून खेळता येत होतं. पत्त्यांना समोर बसावं लागतं, दुसऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागतं. मी पदर सारखा करून सतरंजीच्या टोकाला, अर्धी फरशीवर, तिरकी बसले. मामा भिंतीला टेकून बसले आणि कॅलेंडरकडे बघायला लागले. माझी पाळी आली, मी पान खाली ठेवलं, त्यांना ते दिसलंच नाही.

"मामा, तुमची पाळी."

"तू काय टाकलंस?"

"बी."

"मग बोलायचं की. फोन हाय व्हय मी?" आणि मग जरा हळू, "नीट बस पोरी. फरशी गार हाय. तू तिकडं तोंड करून बसलीस, मी हिकडं. पत्तं काय भिंतीसंगं खेळायचं?"

मी सरकून बसले. मग ते ठरूनच गेलं की जे करायचं ते तोंडानं बोलायचं. बी लावलं. कुंपण घातलं. शेळी सोडली. दिवाणखान्यात माझा आवाज असा वारंवार यायची मला सवय नव्हती. पहिले काही दिवस तो मलाच दुसऱ्या कुणाचा तरी वाटायचा.

आठवडाभरात आमच्या खेळात काहीतरी बिनसल्यासारखं झालं. मामांची शेळी न चुकता माझ्या सगळ्यांत चांगल्या पालथ्या बियाण्यावर यायला लागली. माझीही त्यांच्यावर तशीच जायची. एके दिवशी त्यांनी माझा आंबा खाल्ला, वडही खाल्ला, आणि शेजारची बाभूळ तेवढी ठेवली.

"मामा, पालथं असताना तुम्हाला कसं कळतं?"

"तुला कसं कळतंय माझं?"

मला कळत होतं, कारण त्या कार्डांतली निम्मी मीच कधीकाळी टाइप केली होती. चित्र एका बाजूला काढलं तरी दुसऱ्या बाजूला पुस्तकाची माहिती तशीच होती, आणि कुठल्या पुस्तकाच्या मागं कुठलं झाड हे न वाचता राहणं माझ्याच्यानं होत नव्हतं. बंगाली पाककृतींच्या मागं चिंच. आयुर्वेदातल्या दशमूलांवरच्या पुस्तकामागं कुंपण. ग्रंथपालाशिवाय ही चूक कुणी केली नसती. दुसऱ्या कुणीही आधी दोन्ही बाजू कोऱ्या आहेत का ते पाहिलं असतं.

"उसाच्या खताचं पुस्तक आलं की त्येच्यामागं आंबा हाय," मामा म्हणाले. "हुमणी किडीचं आलं की शेळी. बाकीचं मला वाचाय येत न्हाय चष्म्याबिगर, पर उसाचं दिसतंय."

"म्हणजे तुम्ही आठवडाभर—"

"तू बी!" ते म्हणाले आणि हसायला लागले. "दोघं बी चोर की गं!" त्यांना खोकला आला, मी पाणी आणायला उठले, आणि स्वयंपाकघरात पेला भरताना माझ्या लक्षात आलं की मीही हसतेय. त्या घरात किती तरी दिवसांनी कुणी हसलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी जवळच्या लग्नपत्रिकांच्या दुकानात गेले. दुकानदारानं खुर्ची पुढं केली, नमुन्यांचा जाडा गठ्ठा काढला आणि विचारलं, "कुणाचं लग्न, ताई?" मी सांगितलं की पत्ते करायचेत, सगळ्यांची पाठ सारखी पाहिजे. त्यानं गठ्ठा मिटला. मग आतून एक खोका आणला. लग्नाची तारीख बदलली म्हणून कुणी तरी छापायच्या आधीच सोडून दिलेला मरून रंगाचा जाड कागद होता, कडेनं सोनेरी वेल. तो मापानं कापून दिला. मी त्यावर नव्यानं चित्रं काढली. मामांनी पान बोटांत धरून वाकवून बघितलं. "लग्नाचा कागद न्हवं ह्यो?" "हो." "बरा सरकतोय," ते म्हणाले, आणि तो विषय तिथं संपला.

आता तिसऱ्या हाताबद्दल लिहायला हवं. ते मी पुढं ढकलत आले आहे.

पहिल्या दिवसापासून मामा पानं वाटत ते तीन ठिकाणी. खेळच तिघांचा होता. एक वाटा त्यांच्यापुढं, एक माझ्यापुढं, एक कपाटाच्या बाजूला, जिथं कुणी बसलेलं नव्हतं. त्या वाट्याची पाळी आली की सुरुवातीला आम्ही वरचं पान उचलून टाकायचो, मामा एकदा, मी एकदा. बी आलं की लावायचो. दर फेरीला तिथल्या झाडांवर चिंचोके मामा ठेवायचे. स्वतःच्या झाडांवर ठेवायला विसरत, तिथं विसरत नसत.

पण शेळी आली की अडायचं, आणि इतके दिवस आम्ही ती नुसती बाजूला सारत होतो. शेळी कुणाच्या झाडावर सोडायची हे कुणी तरी ठरवावं लागतं. आणि कधी सोडायची हेही. मरून रंगाच्या नव्या पानांच्या पहिल्याच डावात कपाटाच्या बाजूला शेळी निघाली.

"ठेव तशीच," मामा म्हणाले. "त्यो शेळी दाबून ठेवायचा."

"नाही मामा. हातात आली की लगेच सोडायचे."

"त्यो? छ्या! कवाच न्हाय."

"माझं तर एक झाड कधी वाढू दिलं नाही त्यांनी."

"तुझी खात आसंल. माझ्यावर त्येनं जल्मात शेळी सोडली न्हाय."

मी ह्यांना सोळा वर्षं जवळून पाहिलं होतं आणि ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. गॅलरीत बसून हे बायकोची झाडं खुशाल खात होते, माझा वैताग ऐकून तिथूनच हसत होते. आणि त्याच डावात बापाच्या एकाही झाडाला हात लावत नव्हते. बापाच्या बाबतीत ते तसेच होते. त्यांच्यापुढं कधी मोठ्यानं बोलले नाहीत, आणि माझ्याशी भांडायला त्यांना कारण लागत नसे.

मग आम्ही नियम ठरवला. त्यांची शेळी निघाली की लगेच सोडायची, आणि फक्त माझ्याच झाडावर. मामांच्या झाडांना ती शिवणार नाही. नियम म्हणून हा वाईटच होता. त्यात मी नेहमी हरणार होते. पण तो बरोबर होता.

"म्हंजे फोनमधला त्यो न्हवताच," मामा एकदम म्हणाले.

मला कळलं नाही.

"त्यो गेल्यावर फोनमधी जे खेळत हुतं त्ये. पयल्याच सांजला त्येनं माझं झाड खाल्लं. तवाच वळखलं मी, ह्यो आपला न्हाय. मिशीन हाय ह्ये."

"तुम्हाला तेव्हापासून माहीत होतं?"

"व्हय."

"मग रोज कशाला खेळत होता, मामा?"

हा प्रश्नच त्यांना चमत्कारिक वाटला. "तू खेळत हुतीस की," ते म्हणाले. "म्हटलं, पोरीला वाटत आसंल त्योच हाय म्हणून. आपण कशाला मोडायचं?"

मी खाली मान घातली आणि माझी पानं लावत बसले. ती लागत नव्हती. मामांनी कपाटाच्या बाजूची शेळी उचलली आणि माझ्या चिंचेवर ठेवली. "खाल्ली," ते म्हणाले. चिंचोके त्यांनीच गोळा करून वाटीत टाकले.

फोनवरचा खेळ कुणाला दिसत नव्हता. आम्ही दोन खोल्यांत मान खाली घालून बसत असू, आणि दारातून डोकावणाऱ्याला ते सुतकातलं घर वाटावं असंच दिसत असे. पत्त्यांचं तसं नाही. पत्ते दिसतात, त्यांचा आवाज होतो. एका संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या वहिनी अळूवड्यांची वाटी घेऊन वर आल्या. आमचं दार नुसतं लोटलेलं होतं.

"अगं बया! पत्तं?" त्या उंबऱ्यातच थांबल्या. "अजून वरीस व्हायचं हाय न्हवं आण्णा?"

"व्हायचं हाय की," मामा म्हणाले.

"तसं न्हवं, पर लोकं... आन् दार उघडं टाकून?"

"दार लावून खेळलं तर चालतंय व्हय?"

"मी काय म्हणतो काय, आन् तुम्ही काय धरताय!" वहिनी लाजल्या, चिडल्याही. सतरंजीवर त्यांची नजर फिरली. "ही तिसरी कुणाची पानं?"

त्यांनी आमच्याकडं पाहिलं, कपाटाच्या बाजूच्या मोकळ्या जागेकडं पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. वाटी खाली ठेवून त्या हळूच दार ओढून गेल्या. त्या मनानं वाईट नाहीत. पण त्यांचं माहेर आमच्या गावाला लागून आहे, आणि अशी गोष्ट कुणाच्याच्यानं पोटात राहत नाही.

पुढच्या रविवारी मामांचा पुतण्या गाडी घेऊन आला. गावाकडचं घर आणि शेती तोच बघतो. सरळ माणूस, वयानं माझ्या बरोबरीचा. बूट काढून खुर्चीच्या कडेला बसला. मी चहा ठेवायला आत गेले, तरी सगळं ऐकू येत होतं.

"तात्या, न्यायला आलोय. आता आणि नगं थांबायला."

"वरीस व्हायचंय अजून."

"गावात बोलाय लागल्यात. पोरगा जाऊन वरीस न्हाय आन् सासरा-सून पत्तं कुटत बसल्यात म्हणून. तुमचं ठीक हाय, तुमास्नी कोण काय म्हणणार? पर वैनीचं नाव निघतंय. बाईमाणसाचं नाव निघाय नगं."

मग दिवाणाखालची बॅग ओढल्याचा आवाज आला. मी चौकटीत आले तेव्हा ते दोरीवरचे आपले कपडे काढून घडी न घालता बॅगेत ठेवत होते. माझं नाव निघतंय म्हटल्यावर ते एक दिवसही थांबणार नाहीत हे मला कळलं. माझ्यासाठीच चालले होते, आणि माझ्याकडं बघत नव्हते.

मी चहाचे कप पुतण्यापुढं ठेवले. परत चौकटीशी न जाता तिथंच उभी राहिले.

"मामा, तुम्ही जाऊ नका."

पुतण्यानं कप उचलता उचलता ठेवला. मामांचा हात बॅगेत तसाच राहिला.

"कुणी सांगितलं तुला आसं म्हणाय?"

"कुणी नाही."

"म्हाताऱ्याची कीव कराय लागलीस व्हय?"

"नाही. मला तुम्ही इथं हवे आहात."

"आन् वरीस झाल्यावर?"

"वर्ष झाल्यावरही."

"वैनी, राग मानू नका," पुतण्या म्हणाला, "पर लोकांच्या तोंडाला—"

"माझं नाव आहे ना? मग मी बघते त्याचं काय करायचं ते." माझा आवाज कापला नाही, याचं मला अजूनही नवल वाटतं.

मामा दिवाणावर बसले. मग पुतण्याला म्हणाले, "च्या पी. गार व्हाय लागलाय."

"मग गावात काय सांगू, तात्या?"

"सांग, पत्तं कुटत न्हाय म्हणावं. झाडं लावाय लागलाय म्हातारा." थोड्या वेळानं त्यांनी पुस्ती जोडली, "आन् रोज हरतोय म्हणून सांग. म्हंजे कुणाला काय वाटणार न्हाय."

हे खरं नव्हतं. हरत मी होते.

पुतण्या चहा पिऊन गेला. जाताना वाकून मामांच्या पाया पडला आणि दारात क्षणभर थांबून माझ्याही. आम्ही त्या संध्याकाळी खेळलो नाही. मामा लवकर जेवले आणि आडवे झाले. बॅग रात्रभर दिवाणाशेजारी तशीच होती, आणि ती बघत मी बराच वेळ जागी होते. म्हातारा माणूस सकाळी उठून मन बदलू शकतो.

सकाळी स्वयंपाकघरात पीठ मळत असताना दार वाजलं. रोज दूध मीच घ्यायचे, पण हात पिठाचे होते. मामा उठून गेले. त्यांनी दूधवाल्याशी काहीतरी हुज्जत घातली. काल दूध पातळ होतं, असं काहीतरी. दूधवाला म्हणाला की आजोबा, तुम्ही गावाला जाणार म्हणून खाली ऐकलं, मग उद्यापासून कमी टाकू का?

"कोण जातंय?" मामा म्हणाले. "हाय तेवढंच टाक. आम्ही दोघं हाय हितं."